त्यांच्या डिक्शनरीत आमचं नाव

(सांगलीत तरुण मित्रांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मला म्हणाले, तू कवी हायस, कवितेवर बोल. कवितेवर बोलणारे पायलीला पन्नास हायत. मी शब्दांवर बोलतो. मी मॅट्रिक. माझं इंग्रजी बंदरात पेट्या उचलता उचलता आलेलं. पेटीवर लाल शिक्का असतो, 'रिजेक्टेड'. ती पेटी बाजूला टाकायची, मोजणीत धरायची न्हाई. तो शब्द मी डोळे मिटून वाचू शकतो.

तिथनं नाद लागला. माणसाला झिडकारायला इंग्रजीत शब्द तरी किती? वहीत लिहीत गेलो. स्नब म्हंजे चारचौघांत तोंडावर तुच्छ लेखून गप्प करायचं. कोल्ड शोल्डर म्हंजे माणूस दारात आला तरी ओळख न्हाई असं थंड वागायचं. ब्लॅकबॉल म्हंजे क्लबात नवा मेंबर घेताना पेटीत काळी गोळी टाकायची, की त्याला दार बंद. आणि रिग्रेट! तो आपल्या मराठी संपादकांनी जास्त सभ्य केला : 'साभार परत'. माझ्या पहिल्या तीन कविता साभार परत आल्या. आभार कसले साल्यांनो, वाचल्या का ते सांगा.

वही भरली आणि ध्यानात आलं, हे सगळे शब्द मला आधीच येत होते. भाड्यानं खोली बघताना आडनाव सांगितलं की 'अहो, कालच दिली' म्हणतात, तो स्नब. त्यांची नावं तेवढी ठाऊक न्हवती.

आता ऑस्ट्रसाइज बघा. ग्रीकांचा शब्द. अडीच हजार वर्षांपूर्वी अथेन्समध्ये लोक खापराच्या तुकड्यावर नाव कोरायचे. ज्याच्या नावाची खापरं जास्त, तो दहा वर्षं शहराबाहेर. पण त्याची मालमत्ता जप्त होत न्हवती, आणि दहा वर्षांनी त्याला परत येता येत होतं. आमचाही खापराशी संबंध आहे दोस्तांनो! पेशवाईत गळ्यात मडकं बांधल्याचं आमच्या घराघरात सांगतात. त्यांच्या खापराला परतीची तारीख होती. आमच्या मडक्याला न्हवती.

पुढचा शब्द पराया. इंग्रजी माणूस ज्याला कुणी जवळ करत न्हाई त्याला 'पराया' म्हणतो. हा शब्द कुठून नेला? तमिळ मुलखातल्या परैयर जातीवरनं. 'परै' म्हंजे ढोल. तिकडं परै, आपल्या साताऱ्या-सांगलीत हलगी. वाजवणाऱ्याचं नाव साहेबानं उचललं आणि जगातल्या सगळ्या वाळीत पडलेल्यांना चिकटवलं. कोट्यवधी माणसं तो शब्द वापरतात, त्यात आमच्या भावाची जात हाय हे कुणाच्या गावी न्हाई.

आणि सगळ्यांत मोठा, बॉयकॉट. हे एका माणसाचं नाव. कॅप्टन बॉयकॉट, आयर्लंडातल्या मेयो परगण्यात जमीनदाराचा कारभारी. १८८० साली कुळांनी खंड कमी मागितला, हा कुळं उठवायला निघाला. लोकांनी मारलं न्हाई, झोडलं न्हाई. मजूर कामावर जाईना, दुकानदार माल देईना, टपालवाला टपाल नेईना. बाहेरनं पन्नास मजूर आणून, शेकड्यांनी शिपाई उभे करून त्याला पीक काढावं लागलं. वर्ष संपायच्या आत तो देश सोडून गेला.

म्हंजे तिकडं हे गरिबाचं हत्यार होतं. इकडं तेच हत्यार वतनदाराच्या हातात. महारानं मेलेलं ढोर ओढलं न्हाई, पोरानं नवी चप्पल घातली, लगेच किराणा बंद, दळण बंद, वाट बंद, मजुरी बंद. इंग्रजीला हा शब्द १८८० साली सापडला. आमची गावं त्याच्या आधी किती शतकं तो धंदा बिननावाचा चालवत होती!

बाबासाहेबांनी हे ओळखलं होतं. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा, १९२७ साली 'बहिष्कृत भारत'. झिडकारणाऱ्याचा शब्द त्यांनी आपल्या पाटीवर लिहिला. १९३० साली गोलमेज परिषदेला गेले, तेव्हा मागणीपत्रात लिहिलं, सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवा. कायद्याचा मसुदा हवेतनं काढला न्हाई, १९२२ चा ब्रह्मदेशाचा बहिष्कारविरोधी कायदा समोर ठेवला. ह्याला म्हणतात शब्दाचा पाठलाग.

आणि ही नजर आली कुठून? आपल्याच मातीतनं. ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या सरकारी शाळेत त्यांचं नाव घातलं. १९०१ च्या सुमारास वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर कॅशियर होते. पोरं भेटायला निघाली, मसूरला आगगाडीतनं उतरली. अंगात इंग्रजी बनावटीचे सदरे, रेशीमकाठी धोतरं. स्टेशनमास्तर आधी नीट बोलला. कोण तुम्ही? पोरगं खरं बोललं, महार. मास्तरचा चेहरा पालटला, तो निघून गेला. गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं, तरी पोरांनी गाडी हाकायची आणि तो बाजूनं पायी चालणार. वाटेत पाणी मिळालं न्हाई. मोठेपणी बाबासाहेबांनी हे इंग्रजीत लिहून ठेवलं, 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. त्यात रडगाणं न्हाई. कोण काय म्हणाला, भाडं किती मागितलं, कुठं पाणी नाकारलं, सगळं जागच्या जागी. साक्ष द्यावी तसं.

हे मी आज का सांगतोय? २०२३ च्या जूनमध्ये इथंच मिरज तालुक्यात, बेडगला, बाबासाहेबांच्या नावाची कमान पाडली. ग्रामपंचायतीचा शब्द काय? बेकायदेशीर. जुलैत आपली माणसं बायकापोरं घेऊन, घराला कुलूप लावून, पायी मुंबईकडं निघाली. गावानं गाव सोडायला लावलं, आणि कागदावर शब्द काय? 'वाद'. 'तेढ'. 'गैरसमज'. मित्रांनो, हेच कोल्ड शोल्डर, मराठीतलं!

म्हणून माझं एकच मागणं हाय. शब्द सोडू नका. ॲट्रॉसिटी कायदा १९८९ चा. २०१५ साली त्यात दुरुस्ती झाली, २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. तिच्यात सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार, नुसती त्याची धमकीसुद्धा, हा स्वतंत्र गुन्हा हाय. सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड. राज्याचा २०१६ चा वेगळा कायदा हाय, पण तो मुख्यतः जातपंचायत आपल्याच माणसाला वाळीत टाकते त्यासाठी. आपल्यावर गाव उठलं तर कुठला कायदा लागतो हे पोरापोरीला पाठ पाहिजे.

दुकानदारानं माल नाकारला? तारीख लिहा. वेळ लिहा. काय मागितलं, काय म्हणाला, बाजूला कोण होतं, लिहा. ठाण्यात 'वाद' लिहायला लागले तर सही करू नका. म्हणा, साहेब, शब्द चुकला. बहिष्कार लिहा.

माझ्या आज्याला सही येत न्हवती, त्यानं अंगठा उठवला, त्यावर दुसऱ्यानं वाटेल ते लिहिलं. आपल्याला सही येते. मग वर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय ती करायची न्हाई.

रिजेक्टेडचा शिक्का पेटीवर मारतात, कारण पेटी बोलत न्हाई.

जय भीम.