नायकीण : एका शब्दाची दोन घरे



मी भाषापंडित नव्हे. कामगारांच्या सभांतून जे शब्द कानांवर पडले, तेवढाच माझा कोश. त्यातला 'नायकीण' हा एक शब्द आज आपल्यापुढे ठेवतो.

पाटलाची बायको पाटलीण, मास्तरांची मास्तरीण. 'ईण' लागली की बहुधा नवऱ्याचा मान बायकोकडे येतो. नायक म्हणजे पुढारी. नायकीण मात्र पुढाऱ्याची बायको नव्हे, पुढारीही नव्हे. रूढ अर्थ गाणारी-नाचणारी कलावंतीण. आणि त्याला चिकटलेला दुसरा अर्थ, पुरुषाला भुरळ घालून लुबाडणारी बाई. 'नायकिणीच्या नादाने वाडा गेला' असे आपण सहज म्हणतो. वाड्याच्या गहाणखतावर सही कोणाची होती, हे कोणी विचारीत नाही.

मुंबईच्या गिरण्यांत याच शब्दाने दुसरे घर केले. वाइंडिंग आणि रीळिंग खात्यांत बायका काम करीत. त्यांच्यावरच्या बाई-मुकादमाला नायकीण म्हणत. बायकांना कामावर लावणे, काढणे तिच्या हाती असे. इथे शब्दाला त्याचा मूळचा अर्थ, पुढारीपणाचा, परत मिळाला.

ही नायकीण साध्वी होती असे मी म्हणत नाही. ती दस्तुरी घेई. पुरुष जॉबरही घेई. दोघांचा दोष एकच, आणि तो अमर्याद अधिकाराचा होता. त्यात मोहिनीचा काही संबंध नव्हता. म्हणूनच १९३१ च्या अहवालात व्हिटली आयोगाने भरती जॉबरच्या हातून काढून घ्यावी असे सुचवले, आणि १९३५ मध्ये मुंबईत बदली कामगारांना कार्डे देण्याची पद्धत सुरू झाली. दस्तुरीला आळा घालायचा तो नियमाने. शिव्या देऊन कोणाची दस्तुरी थांबत नाही.

आता त्या गिरण्या राहिल्या नाहीत, पण शब्दामागची खोड राहिली आहे. पुरुषाने साहेबाशी बोलून मागणी पदरात पाडून घेतली, तर तो मुत्सद्दी. बाईने पाडून घेतली, तर 'तिने साहेबाला गुंडाळले'. हे वाक्य सभेत एकदा उच्चारले गेले की ती बाई पुढच्या वाटाघाटीला येत नाही, आणि तिच्यामागच्या दहाजणीही गप्प बसतात. नुकसान साऱ्या संघटनेचे होते.

तेव्हा असा शब्द कानी आला, तर बोलणाऱ्याला एवढेच विचारा : तिने कोणता नियम मोडला? उत्तर असेल तर तक्रार लिहून घ्या. नसेल, तर तो शब्द त्याचा त्याला परत करा.