वस्तूंना वाचा फुटते तेव्हा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी मी चार शब्द बोलावेत असा चिटणीसबाईंचा निरोप आला, तेव्हा मला वाटले, उपासाचे पदार्थ सांगायचे असतील. विषय ऐकला आणि छातीत धस्स झाले. "मोबाइल फोन आणि संग्रहालये." घरी ज्या फोनवरून मी नातवाला दिवसातून दहा वेळा रागावते, त्याच फोनची तरफदारी आता व्यासपीठावरून करावयाची! पण एक गोष्ट अशी घडली आहे, की नाही म्हणणे मला जमले नाही. तीच आधी सांगते.

गेल्या वर्षी आपली सहल कार्ल्याला गेली होती. माझ्या सासूबाईंना बरोबर नेले होते. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे पार गेलेले. नवी नवरी म्हणून त्या एकवीरा आईच्या पायाशी प्रथम आल्या, आणि नंतर कितीतरी वेळा आल्या. पण तीनशेंवर पायऱ्या आता कोण चढणार? त्या खाली चहाच्या दुकानात बसल्या. आम्ही वर गेलो, ओटी भरली, नारळ फोडला, आणि नेहमीप्रमाणे सावली बघून फराळाचे डबे उघडले. देवळाला लागूनच केवढे थोरले चैत्यगृह! आपल्यापैकी कितीजणी आत गेल्या होत्या? मी मोजले. चार.

नातू मात्र आत गेला, आणि तिथून त्याने आजीला चित्रासह फोन लावला. आधी फोन उलटाच धरला, त्यामुळे आजीला बराच वेळ त्याचे नाकच दिसत होते. मग त्याने तो वर छताकडे वळवला. छताला कमानीसारखे वाकवलेले लाकडी वासे आहेत. ते दोन हजार वर्षांपूर्वीचे, मूळचे लाकूड आहे. सासूबाई खालून म्हणाल्या, "अरे, आमच्या माहेरच्या घराचे आढे असेच होते. दगडाच्या घराला लाकूड कशाला घातले रे?" नातू गप्प. मीही गप्प. मग घरी येऊन वाचले, तेव्हा कळले. त्या काळचे कारागीर लाकडी घरे बांधण्यात मुरलेले होते. डोंगर कोरतानाही त्यांनी लाकडी घराचेच रूप डोळ्यांसमोर ठेवले. म्हातारीने एका वाक्यात नेमका प्रश्न विचारला होता.

त्या दिवशी मला दोन गोष्टी उमगल्या. जी पायऱ्या चढू शकत नाही, तिला फोन आत नेऊ शकतो, ही पहिली. आणि जी बघते, तिच्याजवळही सांगण्यासारखे काही असते, ही दुसरी. पुढचे सगळे भाषण या दुसऱ्या गोष्टीसाठी आहे.

संग्रहालयात वस्तूशेजारी बोलण्याची सोय करावी, ही कल्पना काही आजची नव्हे. ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात १९५२ साली प्रेक्षकांच्या हाती छोटे रेडिओ दिले होते. सर्वांना एकाच वेळी एकच माहिती ऐकू येई, म्हणून सगळा घोळका एकत्रच पुढे सरके. आता तो रेडिओ प्रत्येकीच्या पिशवीतच असतो. वस्तूशेजारी काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन लावलेला दिसतो. भाजीवाल्याला पैसे देताना आपण टिपतो, तोच तो क्यूआर कोड. जपानात १९९४ साली तो निघाला, तेव्हा त्याचे काम होते मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवणे. आज तोच चौकोन मूर्तीची हकीकत सांगतो.

आणि हे काम आपल्या शेजारी, पुण्यातही झाले आहे. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने संग्रहालयांतील वस्तूंची संगणकावर नोंद ठेवण्याची एक व्यवस्था तयार केली. तिचे नाव किती गोड, "जतन"! दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयासह देशातील अनेक संग्रहालयांच्या वस्तू तिच्यामुळे आपण घरबसल्या पाहू शकतो. त्याच संस्थेने "दर्शक" नावाची मोबाइलवरची सोयही केली. वस्तूजवळचा चौकोन टिपला की माहिती समोर येते. अपंग बंधुभगिनींना संग्रहालय नीट पाहता यावे, हा तिचा हेतू. हे वाचले, तेव्हा मला चहाच्या दुकानात बसलेल्या सासूबाई आठवल्या.

आता दुसरी बाजू सांगते, नाहीतर म्हणाल, बाई एकदम फोनच्या पक्षात गेल्या. एका संग्रहालयात मी मोठ्या हौसेने असा चौकोन टिपला. आधी बराच वेळ काही उघडेना. उघडले, ते इंग्रजीत, आणि अक्षर तिळाएवढे. मी चष्मा वरखाली करत राहिले. तेवढ्यात मागची मंडळी म्हणाली, "आजी, पुढे सरका." वस्तू पाहायची राहिलीच! शेजारी एक सबंध कुटुंब माना खाली घालून उभे होते. समोर सुरेख पितळी समई, आणि चौघांचे डोळे चार फोनांत. असला फोन काय कामाचा? वाट दाखवणाऱ्याने बोट दाखवून बाजूला व्हावे. तोच वाटेत उभा राहिला, तर पुढचे दिसणार कसे?

पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय आपण पुष्कळजणींनी पाहिले आहे. "अज्ञातवासी" या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी तो संसार उभा केला आणि आपल्या लहानपणी गेलेल्या मुलाचे, राजाचे, नाव त्याला दिले. वीस हजारांच्या वर वस्तू. अडकित्ते, दिवे, स्वयंपाकाची भांडी, फण्या, बाहुल्या. तिथे गेल्यावर बायका गप्प राहात नाहीत, हे तुम्ही पाहिले आहे का? "अगं, असाच अडकित्ता माझ्या आजीकडे होता" असे कोणीतरी म्हणतेच. पाटीवर वस्तूचे नाव असते. ती कोणाच्या हातात होती, कशी वापरायची, बोट कसे सांभाळायचे, हे त्या बाईच्या तोंडी असते. ते टिपून कोण ठेवणार?

एका ठिकाणी ते टिपले गेले आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी आपल्या शेजारच्या मुळशी तालुक्यापासून सुरुवात करून महाराष्ट्रातल्या शेकडो गावांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखांहून अधिक ओव्या! गाणाऱ्या बाईचे नाव, तिचे गाव, सगळे लिहिलेले. २०१७ पासून "पारी" या संकेतस्थळावर त्या प्रसिद्ध होत आहेत, आणि कितीतरी ओव्या त्या बायकांच्या आवाजात ऐकता येतात. संग्रहालयातले जाते मुके असते. शेजारी ही ओवी ऐकली, की ते फिरू लागते. फोनचा याहून चांगला उपयोग मला तरी माहीत नाही.

माझ्या सासूबाईंनाही ओव्या येत. कार्ल्याहून परतताना गाडीत त्यांनी दोन म्हटल्या, आणि नातवाने त्या फोनवर घेतल्या. सगळ्या मिळून चार मिनिटे. मी म्हणाले, "बाकीच्या दिवाळीत सावकाश घेऊ." दिवाळीत पाहुणे होते. संक्रांतीला वाण लुटायचे होते. माघात सासूबाई गेल्या. घरात त्यांची पितळी परात आहे, जाते आहे, नऊवारी लुगडी आहेत. आवाज मात्र चार मिनिटांचा. फोन रोज माझ्या उशाशी होता, आणि त्याही शेजारच्या खोलीत होत्या. हे दुःख सांगण्यासाठी सांगत नाही. तुमच्या घरी कोणी असेल, तर सावकाशवर टाकू नका, एवढ्यासाठी सांगते.

मैत्रिणींनो, मावळात राहून आपल्याला संग्रहालय शोधत लांब जायला नको. कार्ले, भाजे, बेडसे ही आपलीच. लोहगड तर ११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारशाच्या यादीत गेला. आणि बेडशाची एक गोष्ट तुम्हांला ठाऊक आहे का? तिथे पाण्याच्या टाक्याजवळ ब्राह्मी लिपीतला लेख आहे. महाभोजाची लेक, महारठिणी सामडिनिका, हिने दिलेले दान, असे त्यात लिहिले आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या मावळात एका बाईने वाटसरूंच्या आणि भिक्षूंच्या तहानेची काळजी केली, आणि आपले नाव दगडावर ठेवले. आपण सहलीला जातो, टाक्याकाठी बसून भेळ खातो, आणि यजमानीणबाईचे नावही विचारत नाही!

म्हणून मंडळापुढे तीन साध्या सूचना ठेवते. पहिली : पुढच्या हळदीकुंकवाला प्रत्येकीने घरातली एक जुनी वस्तू आणावी, आणि तिची हकीकत दोन मिनिटांत फोनवर सांगावी. सांगणारीचे नाव, गाव, तारीख वहीत लिहावी, आणि तिची संमती असेल तरच ती इतरांना ऐकवावी. दुसरी : यंदाची सहल बेडशाला न्यावी. सामडिनिकेची गोष्ट सोप्या मराठीत आपणच आपल्या आवाजात तयार करू. ती निघण्यापूर्वी घरीच फोनवर उतरवून घ्यावी, कारण डोंगरात फोनला आवाज सापडेलच असे नाही. लेण्यावर मात्र कागद, चौकोन, काही चिकटवायचे नाही. ती संरक्षित वास्तू आहे. आपला चौकोन मंडळाच्या फलकावर असू द्या. तिसरी : जी चढू शकत नाही, तिला खाली एकटी बसवायचे नाही. वर गेलेल्या एकीने फोन लावून तिला दाखवायचे, आणि ती काय म्हणते ते नीट ऐकायचे.

आणि फोन सरळ धरा, एवढे मात्र नातवाकडून शिकून घ्या.