चेंडू कोणी काढून घ्यायचा?

आपापल्या शाळेतला तास कुणाच्या तरी गळ्यात घालून इथवर पोचलेल्या माझ्या शिक्षक-प्रशिक्षक बंधू-भगिनींनो,

अधिवेशनाच्या अध्यक्षाने सगळ्याच विषयांना हात लावावा अशी आपल्याकडे रीत आहे. मैदाने आक्रसली, खेळाचा तास गणिताने गिळला, खेळ क्रीडागुणांपुरता उरला. ही गाऱ्हाणी खरी आहेत. पण ती आपण दर खेपेला मांडतो, टाळ्या घेतो आणि जेवायला उठतो. मी आज एकच प्रश्न धरून बसणार आहे : थकलेल्या मुलाच्या हातातून चेंडू कोणी आणि कधी काढून घ्यायचा? आपल्या शालेय स्पर्धांत बेसबॉल आहे, तेव्हा प्रश्न परका नाही. मात्र त्याची पुरती धग पाहायची तर जपानकडे वळावे लागते.

तिथली शालेय बेसबॉलची उन्हाळी कोशिएन स्पर्धा 1915 मध्ये 10 संघांनिशी सुरू झाली. आज सुमारे साडेतीन हजार शाळा प्रांताप्रांतांत झुंजतात आणि त्यांतून 49 संघ ऑगस्टच्या उन्हात कोशिएनच्या मैदानावर उतरतात. एक सामना हरला की खेळ संपला. शेवटच्या वर्षाची मुले मैदानावरची माती पिशवीत भरतात, रडतात, आणि सारा देश टीव्हीसमोर डोळे पुसतो. अशा ठिकाणी आपला हुकमी पिचर (चेंडू टाकणारा) बाकावर बसवायला प्रशिक्षकाची छाती कशी व्हावी?

1998 मध्ये योकोहामा शाळेच्या दाईसुके मात्सुझाकाने उपांत्यपूर्व सामन्यात 17 इनिंग टाकून काढल्या. चेंडू 250. दुसऱ्या दिवशी उपांत्य सामन्यात शेवटच्या इनिंगला तो पुन्हा उभा राहिला आणि अंतिम सामन्यात त्याने प्रतिस्पर्ध्याला एकही हिट मिळू दिला नाही. त्याची दंतकथा झाली. दंतकथांची खोड अशी की त्या जिंकणाऱ्याच्याच होतात. 2013 मध्ये कोशिएनच्याच वसंत स्पर्धेत सोळा वर्षांच्या तोमोहिरो आनराकूने 5 सामन्यांत 772 चेंडू टाकले, आणि त्याच्या शाळेने अंतिम सामना 17-1 असा गमावला. त्या 772 चेंडूंवर कोणी पोवाडा रचत नाही.

चेंडू जोरात फेकताना कोपराच्या आतल्या बाजूच्या अस्थिबंधावर मोठा ताण येतो. तो तुटला तर मनगटाजवळची कंडरा काढून तिथे बसवतात. फ्रँक जोब यांनी 1974 मध्ये टॉमी जॉन या मुरलेल्या व्यावसायिक पिचरवर ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा केली. आज अमेरिकेत शाळकरी मुलेही त्या टेबलावर पोचतात. वाढत्या वयातली हाडे अजून पक्की झालेली नसतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा सामना सांगतो. तो कोशिएनवर झालाच नाही. जुलै 2019, इवाते प्रांताचा अंतिम सामना. ओफुनातो ही सरकारी शाळा 35 वर्षांत कोशिएनला गेलेली नव्हती. त्यांच्याकडे रोकी सासाकी होता, शालेय वयात ताशी 163 किलोमीटर वेगाने चेंडू टाकणारा. काही दिवसांपूर्वी एका सामन्यात त्याने 194 चेंडू टाकले होते आणि आदल्याच दिवशी उपांत्य सामन्यात 129. समोर हानामाकी हिगाशी, म्हणजे पुढे बेसबॉलचा तारा झालेल्या शोहेई ओहतानीची शाळा. प्रशिक्षक योहेई कोकुबो यांनी सासाकीला अख्खा सामना बाकावर ठेवले. ना चेंडू दिला, ना बॅट. ओफुनातो 12-2 अशी हरली. शाळेचा फोन तक्रारींनी खणाणत राहिला. माजी खेळाडू, समालोचक, टपरीवरचे तज्ज्ञ, सगळे तुटून पडले. कोकुबो एवढेच सांगत राहिले की निर्णय माझा आहे.

पुढे सासाकीने 2022 मध्ये, विसाव्या वर्षी, व्यावसायिक लीगमध्ये परफेक्ट गेम टाकला, म्हणजे एकाही प्रतिस्पर्ध्याला तळावर पोचू दिले नाही. तेव्हा काहींनी कोकुबोंचे म्हणणे खरे ठरले असे लिहिले. मला तो युक्तिवाद पटत नाही. 2025 मध्ये अमेरिकेत सासाकीचा खांदा दुखावलाच. मग काय, कोकुबो चुकले म्हणायचे? प्रशिक्षकाचा निर्णय पुढच्या यशापयशावर तोलू नये. त्या दिवशी, त्या मुलाची जी अवस्था समोर होती, तिच्यावरच तो तोलावा.

मुलाला विचारून पाहा. "दुखतंय का रे?" म्हटले की तो म्हणणार, "नाही सर." संघ समोर, आई-बाबा कट्ट्यावर, दुसरे काय म्हणेल? हा प्रश्न मुलाला विचारणे म्हणजे आपल्या माथ्यावरचे ओझे त्याच्या खांद्यावर टाकणे. आणि खांदा आधीच दुखतो आहे.

तुम्ही म्हणाल, मग मुलांनी नुसता हुकूम पाळायचा? अजिबात नाही. 2023 मध्ये केइओ शाळा 107 वर्षांनी कोशिएन जिंकली. तिचे तेव्हाचे प्रशिक्षक ताकाहिको मोरिबायाशी प्राथमिक शाळेत शिक्षक होते. त्यांच्या संघात डोके भादरण्याची जुनी सक्ती नव्हती, खेळाचा आनंद घ्या असे ते सांगत आणि डावपेचांचा विचार मुलांनीच करावा असा त्यांचा आग्रह. सराव कसा करायचा, कुठे चुकले, कोणती खेळी करायची, हे मुलांना ठरवू द्यावे, चुकूही द्यावे. थांबायचे कधी, एवढे मात्र आपण ठरवावे. माझ्या लेखी शालेय प्रशिक्षणाची निम्मी विद्या या वाटणीत आहे.

उरलेली निम्मी म्हणजे दुसरा पिचर. तो नसला की सगळी नीती हवेत विरते. 2022 ची विजेती सेंदाई इकुएई शाळा 5 पिचर घेऊन जिंकली, आणि तोहोकू भागात हे विजेतेपद प्रथमच गेले. आपल्याकडे जिल्हास्तरावर एका दिवसात दोन-दोन सामने उरकतात आणि दोन्हीकडे तोच पोरगा चेंडू टाकताना दिसतो. बाकीचे चौदा-पंधरा जण वर्षभर काय करत होते, असे त्यांच्या सरांना विचारायला हवे.

एकट्या प्रशिक्षकाने किती कणखर व्हावे यालाही मर्यादा आहे. म्हणून नियम लागतो. जपानमध्ये निइगाता प्रांताने एका सामन्यात 100 चेंडूंची मर्यादा जाहीर केली तेव्हा वरिष्ठ महासंघाने फेरविचार करायला लावला, प्रांताने ती मागे घेतली. पण वाद पेटला, आणि 2020 पासून आठवड्याला 500 चेंडूंची मर्यादा देशभर आली. ती फार सैल आहे. अमेरिकेत 17-18 वर्षांच्या मुलासाठी दिवसाला 105 चेंडू आणि त्यानंतर विश्रांतीचे दिवस, अशी शिफारस आहे; 2017 पासून तिथल्या शालेय महासंघाने प्रत्येक राज्याला चेंडूंच्या संख्येवर मर्यादा घालायला भाग पाडले.

थांबवण्याचा प्रश्न नुसत्या दुखऱ्या हाताचाही नाही. जानेवारी 2016 मध्ये कल्याणच्या आंतरशालेय क्रिकेट सामन्यात एका संघाने 3 बाद 1465 धावा केल्या, समोरचा संघ 31 आणि 52 मध्ये बाद झाला. एका मुलाच्या 1009 धावांचा विक्रम साऱ्या जगाने वाचला. त्याचे कौतुक मीही केले. पण चेंडू आणायला सीमेपलीकडे धावणारी अकरा मुलेही कुठल्यातरी शाळेचीच होती, आणि डाव घोषित करण्याचा अधिकार मोठ्यांच्या हातात होता.

उद्याच्या खुल्या अधिवेशनात मी एक ठराव मांडणार आहे. शालेय बेसबॉलच्या गुणपत्रकात प्रत्येक पिचरने टाकलेल्या चेंडूंचा रकाना असावा, तो दोन्ही संघांच्या प्रशिक्षकांनी सही करून भरावा, आणि ठरलेली मर्यादा ओलांडली तर पंचांनी पिचर बदलायला लावावा. याला खर्च नाही, शासन-निर्णयाची वाट पाहायची गरज नाही. एक पेन्सिल पुरते. आपण सर्वांनी त्याला हात वर करून अनुमोदन द्यावे, आणि पुढच्या स्पर्धेला संघ नेताना निदान तीन पिचर तयार करून न्यावेत, ही विनंती.