निरोपाचे मुख्य दार
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



संगणकवाल्यांच्या मंडळाशी आपल्याला काय कर्तव्य, असे विषय ऐकून कोणाच्या मनात येईल. परंतु त्यांचा प्रश्न आपल्याही घरचाच आहे. लिनक्ससारखी मुक्त सॉफ्टवेअर वापरणारी माणसे ठिकठिकाणी मंडळे चालवितात. पगार कोणालाच नाही. अडलेल्याला हात द्यावा, एवढाच हेतू. अशा मंडळाने आपसांत बोलावे कोठे? एकाला व्हॉट्सॲप सोयीचे, दुसऱ्याला टेलिग्राम, तिसऱ्याला ई-मेल. सगळीच दारे उघडी ठेवली, की विचारणारी एका दारात ताटकळते आणि उत्तर जाणणारा दुसऱ्याच दारात बसलेला असतो. म्हणून मुख्य दार एकच हवे.

ते निवडावे कसे, हे ‘फायरफॉक्स’ तयार करणाऱ्या मोझिला संस्थेकडून शिकण्यासारखे आहे. तेथील स्वयंसेवक वर्षानुवर्षे ‘आय.आर.सी.’वर बोलत. १९८८ साली फिनलंडमधील औलू येथे यार्को ओयकारिनेन यांनी ते निर्माण केले. जुन्या मंडळींच्या ते अंगवळणी पडलेले. पण नवख्याला अवघड, आणि वाटेल त्या नावाने येऊन त्रास देणाऱ्यांना आवरणे त्याहून अवघड. तेव्हा २०१९ साली संस्थेने चार साधने सर्वांना वापरून पाहावयास दिली, मते ऐकली आणि ‘मॅट्रिक्स’ निवडले. अपंगांनाही ते वापरता यावे, याकडे मुद्दाम लक्ष पुरविले. मार्च २०२० मध्ये जुने दार बंद झाले. जुन्यांच्या सवयीपेक्षा नव्याने येणाऱ्याची सोय त्यांनी मोठी मानली, हे मला फार मोलाचे वाटते.

दुसरी गोष्ट किल्लीची. ‘फ्रीनोड’ या आय.आर.सी.च्या मोठ्या जाळ्यावर अशा अनेक मंडळांचा राबता होता. मे २०२१ मध्ये त्याच्या मालकीवरून वाद विकोपास गेला. ते सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांनी राजीनामे देऊन ‘लिबेरा चॅट’ हे नवे जाळे उभारले, आणि उबुंटू, विकिमीडिया यांसारख्या कितीतरी मंडळींना बिऱ्हाड हलवावे लागले. जागा कोणाच्या नावावर आहे, हे आधीच विचारलेले बरे!

तिसरी गोष्ट आठवणीची. ‘स्लॅक’ नावाच्या साधनाने १ सप्टेंबर २०२२ पासून फुकट वापरणाऱ्यांना मागील ९० दिवसांचाच मजकूर दाखवावयाचे ठरविले. आजीच्या वहीतील पाककृती दर तीन महिन्यांनी कोणी कुलुपात घातल्या तर? तेच प्रश्न पुन्हा विचारावयाचे, आणि तीच उत्तरे देऊन जाणत्यांनी थकावयाचे. स्वयंसेवक थकला, की मंडळ मोडते.

आणखी एक मुद्दा खास आपला. गटात शिरताच आपला फोन क्रमांक अनोळखी माणसांना दिसणार असेल, तर बाई उंबरठ्यावरच थबकते. ती आली नाही, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. साधन निवडणाऱ्यांनी बाहेर राहिलेल्या या बाईचा विचार आधी करावा.

आपल्या मंडळातही निरोपांची गर्दी होतेच. मुख्य जागा सर्वांना विचारून ठरवावी. किल्ली निदान दोघींकडे असावी. महत्त्वाचा मजकूर वहीत उतरवावा. आणि जिच्याजवळ तसा फोन नाही, तिच्या घरी निरोप पोहोचविण्याचे काम एकीने नावानिशी अंगावर घ्यावे. असे झाले, तर सभेला कोणी आले नाही, म्हणजे तिला कळलेच नव्हते, असे म्हणण्याची पाळी आपल्यावर येणार नाही.