मिरचीचा दाह आणि वचनागाचा घात
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आजचा विषय प्रयोगशाळेतला वाटला, तरी तो आपल्या माजघरातलाच आहे. मिरची लागली की आपण ‘तोंड भाजले’ म्हणतो. वस्तुतः तेथे विस्तव नसतो. मग भाजते ते काय?

आपल्या पेशींच्या आवरणात सूक्ष्म द्वारे असतात. त्यांतून सोडियम, कॅल्शियम इत्यादींचे विद्युत्भारित कण, म्हणजेच आयन, ये-जा करतात. मज्जातंतूंचे संदेश व हृदयाचे स्पंदन त्यांवरच अवलंबून असते. १९९७ साली अमेरिकेत डेव्हिड ज्यूलियस व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वर उघडणारे एक द्वार मिरचीतील कॅप्सेसिननेही उघडते. मेंदूस वार्ता पोहोचते ती चटक्याचीच! २००२ साली थंडाव्याचे द्वार सापडले. पेपरमिंटमधील मेन्थॉल ते उघडते. २०२१ साली ज्यूलियस आणि आर्डेम पाटापूटियन यांना नोबेल पारितोषिक लाभले.

परंतु सर्वच वनस्पती अशी निरुपद्रवी फसवणूक करीत नाहीत. वचनागातील अकोनिटीन सोडियमचे द्वार मिटूच देत नाही. प्रथम ओठ व जीभ बधिर होतात, मुंग्या येतात. पुढे हृदयाची लय बिघडते व प्राणावर बेतते. यावर खास असा उतारा नाही. आयुर्वेदाने वचनागाचे शोधन गोमूत्रात वा दुधात सांगितले, ते उगीच नव्हे. दीर्घकाळ उकळल्याने अकोनिटीनचे विघटन होऊन विषाची तीव्रता घटते, हे रसायनशास्त्रासही मान्य आहे.

माझ्या मातुलांनी सांधेदुखीवर कोणा अनोळखी विक्रेत्याकडून घेतलेले अशोधित चूर्ण सेवन केले होते. इस्पितळात डॉक्टर पुनःपुन्हा विचारीत होते, “काय घेतले होते?” आणि आम्ही घरची मंडळी संकोचाने गप्प होतो. अखेर मामींनी पदराआडून पुडी पुढे केली, म्हणून निदान झाले आणि मामा वाचले. त्या मौनाची लाज मला आजही वाटते.

बंधुभगिनींनो, वनस्पतीचे औषध म्हणजे निरुपद्रवी औषध नव्हे. ते जाणत्या वैद्याकडूनच घ्यावे आणि डॉक्टरांपासून कधीही लपवू नये. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना एवढे आज आवर्जून सांगावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.