किल्ली हरवलेले दफ्तर

कार्यालयातील माणसे बदलतात, दफ्तर मागे राहते. पूर्वी नवा अधिकारी आला म्हणजे जुना त्याच्या हाती किल्ल्यांचा जुडगा देई, चार्जाच्या यादीवर दोघांच्या सह्या होत आणि कपाटे मोजून ताब्यात घेतली जात. आज तेच दफ्तर संगणकात आहे. यादीत त्याची नोंद असते. किल्ली मात्र कोणा एकाच्या स्मरणात असते, आणि तो मनुष्य निवृत्त होतो अथवा जग सोडून जातो.

भोपाळ शहराला ही गोष्ट केवळ कचेरीच्या सोयीची वाटणार नाही. डिसेंबर १९८४ मधील विषारी वायूच्या आपत्तीत सापडलेल्यांसाठी उभारलेले भोपाळ मेमोरियल रुग्णालय प्रथम एका न्यासाच्या हाती होते, पुढे ते शासनाकडे आले. ९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वायुपीडितांच्या वैद्यकीय नोंदी संगणकावर आणण्याचा आदेश दिला. फुप्फुसांचे दुखणे वर्षानुवर्षे चालते. डॉक्टर बदलतात, संस्थाही बदलतात. मागची नोंद उघडली नाही, तर रोग्याला आपली कथा पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते.

नॉर्वेमध्ये प्राध्यापक द्यूपेदाल ह्यांचा ग्रंथसंग्रह ईवार ऑसेन ह्यांच्या नावाने चालणाऱ्या भाषाकेंद्राकडे आला. त्याची सूची संगणकावर तयार झाली. परंतु ती करणाऱ्याच्या मृत्यूबरोबर तिचा संकेतशब्दही गेला. २००२ साली केंद्राने जाहीर आवाहन केले आणि काही तासांतच उत्तर मिळाले. प्राध्यापकांचे आडनाव उलट्या अक्षरक्रमाने लिहिले, एवढाच तो शब्द होता! सर्वांचे नशीब असे नसते, आणि इतक्या सोप्या कुलपावर विसंबणेही शहाणपणाचे नव्हे.

मग वारसाने काय करावे? अंदाजाने शब्द घालीत बसू नये. तशाने खाते बंद होण्याचा संभव असतो. प्रथम वरिष्ठांची लेखी अनुज्ञा घ्यावी, कारण आपल्याच घराचे कुलूप उघडतानाही साक्षीदार असलेला बरा. नंतर संपूर्ण दफ्तराची प्रत काढून निराळी ठेवावी. पुढचा मार्ग यंत्राच्या मालकीतून जातो. एसक्यूएल सर्व्हरवर दफ्तर असेल, तर त्या यंत्राचा व्यवस्थापक ते एकाच वापरकर्त्यापुरते पुन्हा सुरू करून मुख्य अधिकार नव्याने देऊ शकतो. मायएसक्यूएलमध्ये अधिकारांची तपासणी थोडा वेळ स्थगित करून नवा संकेतशब्द घालता येतो. मात्र तेवढा वेळ दार सताड उघडे असते. म्हणून बाहेरचा संपर्क आधी तोडावा आणि काम संपताच तपासणी पूर्ववत सुरू करावी.

अधिकार हाती येताच जुन्या व्यवस्थापकाचे नाव पुसून टाकण्याचा मोह होतो. तो आवरावा. रात्री आपोआप चालणारी कामे त्याच नावाने होत असण्याचा संभव असतो. ती शोधून नव्या नावावर आणावीत, मगच जुने नाव बंद करावे.

सरकारी खजिन्याला दोन कुलपे असत आणि त्यांच्या किल्ल्या दोघांकडे राहत. त्यात कोणावर अविश्वास नव्हता. मनुष्य आज आहे, उद्या नाही, एवढीच जाण होती. संगणकातील दफ्तराचे मुख्य अधिकारही दोघांकडे असावेत, संकेतशब्द मोहोरबंद पाकिटात तिजोरीत असावा आणि पदभार देताना त्याची नोंद यादीत व्हावी. खुर्ची सोडणाऱ्याने मागून येणाऱ्यासाठी एवढे करून ठेवले, तर औषधासाठी रांगेत उभ्या असलेल्या मनुष्याला थांबावे लागणार नाही.