सरावाची गोळी

सिकंदराबाद येथे भरत असलेल्या, तेलंगण, महाराष्ट्र, कर्नाटक आणि गोवा येथील नेमबाजांच्या या परिषदेपुढे स्वागत समितीने यंदा एकच विषय ठेवला आहे, आणि तो म्हणजे नेमबाज ज्याला ‘पॉइंट टूटू’ किंवा नुसतेच ‘टूटू’ म्हणतात त्या रिमफायर काडतुसाची टंचाई आणि त्याची चढती किंमत. विषय अरुंद वाटेल. परंतु पन्नास मीटरची रायफल आणि पंचवीस मीटरचे पिस्तूल हे दोन्ही प्रकार याच एका काडतुसावर उभे असल्याने त्याचा तुटवडा हा या खेळाच्या अर्ध्या अंगाचा तुटवडा आहे, असे समितीचे मत आहे.

या विषयाला हे स्थळ साजेसे आहे. तिसरे निजाम सिकंदर जाह यांच्या नावावरून 1806 मध्ये या वसाहतीला सिकंदराबाद हे नाव मिळाले, आणि तिची वाढ प्रामुख्याने लष्करी छावणी म्हणून झाली; तिरुमलगिरी आणि बोलारम या भागांवर त्या छावणीचा ठसा आजही स्पष्ट आहे. मराठी माणसाला हे गाव परके नाही, कारण 1956 पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता आणि मनमाडकडून येणाऱ्या रेल्वेने शिक्षण, नोकरी व व्यापार यांसाठी कित्येक पिढ्या इकडे आणल्या. नेमबाजीच्या राष्ट्रीय संघटनेशीही मराठी नाव मुळापासून जोडलेले आहे. लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर, ज्यांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, ते 1951 मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडियाचे संस्थापक अध्यक्ष होते, आणि राष्ट्रीय स्पर्धेची पायरी असलेली मावळंकर स्पर्धा आजही त्यांच्याच नावाने भरते.

रिमफायर म्हणजे काय, हे पालकांसाठी आणि या खेळाशी नव्याने परिचय होत असलेल्या श्रोत्यांसाठी आधी सांगणे आवश्यक आहे. मोठ्या बंदुकीच्या काडतुसाच्या बुडाशी मधोमध एक छोटी टोपी बसवलेली असते, पिन तिच्यावर आदळली की ठिणगी पडते आणि आतली दारू पेटते. या प्रकाराला सेंटरफायर म्हणतात. टूटूच्या काडतुसाला अशी वेगळी टोपी नसते. त्याच्या पितळी कवचाच्या बुडाची कड आतून पोकळ असते, आघाताने पेटणारे मिश्रण ओलसर स्थितीत कवचात घालून कवच वेगाने फिरवले जाते, त्यामुळे ते मिश्रण कडेच्या पोकळीत सरकून बसते, आणि बंदुकीची पिन त्या कडेवरच आदळते. कड एकदा चेपली गेली की ते कवच निकामी होते. सेंटरफायरचे रिकामे कवच टोपी बदलून आणि दारू भरून पुन्हा वापरता येते, म्हणून अनेक देशांतील हौशी नेमबाज टंचाईच्या काळात घरीच काडतुसे भरून वेळ निभावतात. टूटूच्या नेमबाजाला ही वाट व्यवहारात बंद आहे आणि त्याला प्रत्येक वेळी कारखान्याच्याच दारात उभे राहावे लागते.

या रचनेमुळेच ते काडतूस स्वस्तही झाले, ही गोष्ट विसरता कामा नये. 1845 च्या सुमारास फ्रान्समधील फ्लोबेर यांनी घरात किंवा बागेत नेम धरण्यासाठी अशा छोट्या काडतुसाची कल्पना रूढ केली, 1857 मध्ये अमेरिकेत त्याचे आखूड रूप बाजारात आले, आणि 1887 मध्ये ‘लाँग रायफल’ हे आजचे रूप सिद्ध झाले, ज्याचा व्यास सुमारे 5.6 मिलिमीटर आणि शिशाच्या गोळीचे वजन सुमारे 2.6 ग्रॅम असते. बोअर युद्धानंतर इंग्लंडमध्ये सामान्य माणसाला नेमबाजी शिकवणारे क्लब याच काडतुसाच्या बळावर उभे राहिले, फौजांनीही महागड्या काडतुसांची बचत करण्यासाठी प्राथमिक शिक्षण यावरच दिले, आणि भारतात राष्ट्रीय छात्रसेनेच्या असंख्य मुलामुलींनी आयुष्यातली पहिली गोळी टूटूच्या रायफलीतूनच झाडली. भरपूर झाडता यावे म्हणून जन्मलेले हे काडतूस आहे. ते मोजूनमापून झाडावे लागणे याचा अर्थ त्याचे मूळ प्रयोजनच हिरावले जाणे असा होतो.

स्पर्धेच्या पातळीवर प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो, आणि त्यातील कळीचा शब्द ‘लॉट’ हा आहे. एकाच वेळी, एकाच पितळाच्या, एकाच मिश्रणाच्या आणि एकाच दारूच्या साठ्यातून तयार झालेल्या काडतुसांच्या खेपेला लॉट म्हणतात. इंग्लंडची एले, जर्मनीची आरडब्ल्यूएस आणि फिनलंडची लापुआ या नावांची उत्तम काडतुसेसुद्धा लॉटगणिक किंचित वेगळी वागतात, आणि प्रत्येक नळीला कोणता लॉट मानवतो हे तिच्यातून प्रत्यक्ष झाडून पाहिल्याशिवाय कळत नाही. पन्नास मीटरवरच्या रायफल लक्ष्यात दहाच्या वर्तुळाचा व्यास फक्त 10.4 मिलिमीटर असतो. गोळीचा वेग ध्वनीच्या वेगापेक्षा जेमतेम कमी ठेवलेला असतो, आणि काडतुसागणिक त्या वेगात थोडा जरी फरक पडला तरी गोळी वर किंवा खाली सरकते. म्हणून जाणता नेमबाज वेगवेगळे लॉट तपासतो आणि जुळणारा सापडला की वर्षभराचा साठा त्याच लॉटमधून घेऊ पाहतो. टंचाईत ही निवडच संपते. जे मिळेल ते घ्यावे लागते, एका डब्यात एक लॉट आणि दुसऱ्या डब्यात दुसरा येतो, गोळी दहाच्या बाहेर गेली तर दोष हाताचा, वाऱ्याचा की काडतुसाचा हे उमगत नाही, आणि शिकण्याच्या वयातल्या मुलामुलींचा स्वतःच्या हातावरचा विश्वास अकारण डळमळतो. पैशात न मोजता येणारे हे नुकसान समितीला सर्वांत गंभीर वाटते.

पैशातले नुकसान तर साध्या गुणाकाराने दिसते. गंभीरपणे तयारी करणाऱ्या नेमबाजाने दिवसाला 100 काडतुसे झाडली आणि वर्षातून 250 दिवस सराव केला, तर 25,000 काडतुसे लागतात, म्हणजे केवळ शिसेच सुमारे 65 किलो होते. एका काडतुसाची किंमत एका रुपयाने वाढली तर घरखर्चात वर्षाला 25,000 रुपयांची भर पडते, आणि पाच रुपयांनी वाढली तर सव्वा लाखाची. स्पर्धेतील 60 नोंदीच्या गोळ्या आणि आधीच्या अंदाज घेण्याच्या गोळ्या कुणीही कशाही मिळवतो, कारण स्पर्धा चुकवणे शक्य नसते. कात्री लागते ती सरावाला. आधी रोजचा सराव एक दिवसाआड होतो, मग 100 च्या जागी 40 गोळ्या येतात, मग वाऱ्याच्या दिवशी रेंजवर जायचेच नाही असे ठरते, कारण वाऱ्यात गोळ्या ‘वाया’ जातात, आणि ज्या वाऱ्यात खेळायचे तो वाराच अनोळखी राहतो.

ही झळ कुणाला लागते, हे पाहण्यासाठी कोल्हापूरकडे पाहावे. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडी या खेड्यातल्या शिक्षकाच्या घरातून, महाराष्ट्र शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून आणि मध्य रेल्वेच्या नोकरीतून पुढे आलेल्या स्वप्नील कुसाळे यांनी 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलच्या तिन्ही अवस्थांच्या स्पर्धेत 451.4 गुणांसह कांस्यपदक मिळवले. त्याआधी 2010 मध्ये कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत यांनी म्युनिक येथे पन्नास मीटर प्रोन प्रकारात, म्हणजे पालथे झोपून नेम धरण्याच्या प्रकारात, 600 पैकी 597 गुण मिळवून जगज्जेतेपद पटकावले होते, आणि राही सरनोबत यांनी 2018 च्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलात सुवर्णपदक जिंकले. हैदराबादच्या ईशा सिंग यांनी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत याच प्रकारात वैयक्तिक रौप्य आणि सांघिक सुवर्ण मिळवले. ही सर्व पदके टूटूची आहेत. मात्र भारताच्या ऑलिंपिकमधील नेमबाजीच्या पदकांत टूटूची पदके आजवर दोनच, कुसाळे यांचे आणि 2012 मधील विजय कुमार यांचे. उरलेली बहुतेक हवेच्या दाबावर चालणाऱ्या, दहा मीटरच्या शस्त्रांची आहेत. हवेच्या रायफलीचा छर्रा स्वस्त असतो, तिच्यासाठी शस्त्रपरवान्याची यातायात तुलनेने कमी असते, म्हणून मुले तिकडे वळतात हे स्वाभाविक आहे. परंतु पन्नास मीटरची योग्यता अंगी असलेला मुलगा केवळ काडतूस परवडत नाही म्हणून दहा मीटरवर थांबला, तर त्याला निवड म्हणता येणार नाही.

टंचाईची कारणे बहुतांशी देशाबाहेरची आहेत. या काडतुसाची सर्वांत मोठी बाजारपेठ अमेरिका असल्याने तिथल्या भीतीचे पडसाद सर्वत्र उमटतात: 2012 च्या डिसेंबरमधील न्यूटाउनच्या शाळेतील हत्याकांडानंतर बंदुकांवर निर्बंध येतील या धास्तीने तिथे साठेबाजी झाली आणि टूटूची चणचण पुढे काही वर्षे टिकली, 2020 च्या साथीत तेच पुन्हा घडले. 2022 च्या फेब्रुवारीत युक्रेनवर आक्रमण झाल्यावर युरोपातील दारूगोळ्याचे उत्पादन लष्कराकडे वळले, आणि धूररहित दारूचा मूळ घटक असलेले नायट्रोसेल्युलोज दुर्मीळ झाले. हे नायट्रोसेल्युलोज सरकीला चिकटून राहणाऱ्या आखूड कापूस-तंतूंपासून बनते, आणि ही गोष्ट यवतमाळ, आदिलाबाद व वरंगळ या कापसाच्या पट्ट्यातून आलेल्या प्रतिनिधींनी विशेष लक्षात घ्यावी.

भारतीय नेमबाजाच्या वाट्याला याखेरीज आणखी अडचणी येतात. शस्त्रे व काडतुसे यांची आयात निर्बंधित आहे, 1959 चा शस्त्र कायदा आणि 2016 चे शस्त्र नियम यांनी खरेदीची आणि जवळ बाळगण्याची मर्यादा ठरवून दिली आहे, आणि विशिष्ट गुणांची पात्रता गाठलेल्या ‘ख्यातनाम नेमबाजां’ना मिळणाऱ्या सवलती नवख्यांपर्यंत पूर्णपणे पोहोचत नाहीत. काडतूस स्फोटकांच्या वर्गात मोडत असल्याने विमानवाहतूक महाग व अनिश्चित, आणि किंमत युरो किंवा डॉलरमध्ये. लष्कर, रेल्वे, पोलीस यांच्या संघातील खेळाडूला संस्थेचा आधार असतो. खाजगी खेळाडू एकटा असतो. नियम शिथिल करा अशी सरधोपट मागणी समिती करत नाही, कारण क्रीडेच्या नावाखाली काडतुसे भलत्या हाती जाण्याची सरकारची चिंता रास्त आहे, आणि प्रत्येक गोळीचा हिशेब ठेवणे हा नेमबाजाच्या शिस्तीचाच भाग आहे. मागणी एवढीच की मर्यादा प्रत्यक्ष सरावाच्या हिशेबावर ठरावी, आणि जुळलेला लॉट वर्षभर पुरवण्यासाठी रेंजलाच साठ्याची जबाबदारी देता यावी.

खरा उपाय देशी उत्पादनात आहे, आणि इथे समितीला थोडे अधिक आग्रहाने बोलणे भाग आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 पासून उभा आहे, भंडाऱ्याच्या कारखान्यात दारू तयार होते, सरकारी कारखान्यांनी नागरी बाजारासाठी टूटूची काडतुसे अनेक वर्षे पुरवली आहेत, आणि 2021 मध्ये झालेल्या पुनर्रचनेनंतर हे कारखाने पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आले आहेत. हैदराबाद आणि परिसरात तर क्षेपणास्त्रांचे संशोधन आणि उत्पादन चालते. क्षेपणास्त्राचे इंधन आणि 2.6 ग्रॅमच्या गोळीमागची चिमूटभर दारू यांचे शास्त्र वेगळे आहे, हे मान्य करूनही, देशात ज्ञानाची उणीव आहे असे मानायला समिती तयार नाही. उणीव आहे ती खात्रीच्या मागणीची. स्पर्धेचे काडतूस थोड्या संख्येने, अतिशय काटेकोरपणे आणि लॉटगणिक चाचणी करून बनवावे लागते, आणि कुणी इतकी वर्षे सलग विकत घेईल याची हमी नसेल तर कोणताही कारखाना त्यासाठी वेगळी यंत्रसामग्री गुंतवणार नाही. स्वस्ताईच्या आग्रहात कामगाराचा जीव स्वस्त होऊ नये, हेही इथेच नोंदवणे आवश्यक आहे. 24 जानेवारी 2025 रोजी भंडाऱ्याच्या कारखान्यात झालेल्या स्फोटात कामगारांचे प्राण गेले, आणि नेमबाजाच्या हातातल्या प्रत्येक काडतुसामागे असे धोक्याचे काम करणारे हात असतात.

म्हणून समितीची सूचना अशी आहे की सामन्याची गोळी आणि सरावाची गोळी यांचा विचार वेगळा करावा. सामन्यासाठी परदेशी काडतूस काही काळ लागणारच. परंतु वर्षाच्या 25,000 पैकी बराच मोठा भाग सरावाचा असतो, आणि त्यासाठी पन्नास मीटरवर भरवशाने एकत्र गोळ्या पाडणारे देशी काडतूस पुरेसे आहे. राज्य संघटनांनी एकत्र येऊन तीन वर्षांची मागणी लेखी नोंदवावी, कारखान्याने डब्यावर लॉट क्रमांक आणि चाचणीचा निकाल छापावा, आणि बालेवाडी किंवा गच्चीबावलीसारख्या रेंजवर लॉट तपासण्यासाठी यांत्रिक पकडीची सोय व्हावी. काडतुसाविना चाप ओढण्याचा सराव आणि नळीवर संवेदक बसवून चालणारी इलेक्ट्रॉनिक साधने यांचा उपयोग मोठा आहे, आणि त्यांचा प्रसार व्हायलाच हवा. तथापि धक्का आणि वारा ती शिकवत नाहीत, म्हणून त्यांना पर्याय समजून मागणीच सोडून देण्याची चूक करू नये.

कारखान्याकडे जाताना हातात आकडे लागतात. सभागृहाच्या दाराशी समितीने एक नोंदवही ठेवली आहे. प्रत्येक क्लबच्या आणि रेंजच्या प्रतिनिधीने गेल्या वर्षी किती काडतुसे मागवली, किती मिळाली, किती लॉटमधून मिळाली, कोणत्या भावाने मिळाली आणि काडतुसांअभावी किती खेळाडूंनी टूटू सोडली, हे पाच रकाने दुपारच्या भोजनापूर्वी भरावेत, कारण तिसऱ्या सत्रातील ठरावाचा मसुदा त्या आकड्यांवरूनच लिहिला जाणार आहे.